स्वयंव्यवसायींचे निवृत्तिवेतन : हक्क आणि वर्गणी



नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर वसलेले धर्माबाद हे गाव लाल मिरचीच्या बाजारपेठेमुळे दूरवर ओळखले जाते. मिरचीचा हंगाम सुरू झाला की मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागतात, हमालांच्या पाठी वाकतात आणि देठ खुडणाऱ्या स्त्रियांच्या हातांची आग दिवस मावळल्यावरही शमत नाही. या उलाढालीच्या आधाराने कितीतरी लहान माणसे आपला संसार चालवितात. कोणी शिलाई यंत्रावर बसतो, कोणी सायकली दुरुस्त करतो, कोणी चहाचा गाडा लावतो, तर कोणी स्थानकापासून गावात माल पोहोचवितो. यांच्यापैकी कोणीही कोणाचा नोकर नाही. प्रत्येकजण आपल्या धंद्याचा मालक आहे आणि आपल्या धंद्याचा एकमेव मजूरही तोच आहे.

अशा माणसाला निवृत्तीचे वय नसते. डोळ्यांना दोरा ओवता येईना, गुडघ्यांना पायडल मारवेना, तेव्हा त्याचा धंदा आपोआप बंद पडतो. त्या दिवशी त्याला निरोपाचा हार मिळत नाही, उपदान मिळत नाही आणि पुढच्या महिन्यापासून घरी येणारे निवृत्तिवेतनही नसते. आयुष्यभर राबलेल्या या माणसाच्या वार्धक्याची तरतूद कोणी करावयाची, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या देशातील निवृत्तिवेतनाची रचना मुख्यतः मालक आणि नोकर या नात्यावर उभी आहे. शासकीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत शासन हाच मालक असतो. खाजगी क्षेत्रासाठी १९५२ साली कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना अमलात आली. या योजनेत मालकाच्या हिश्श्यातून वेतनाच्या ८.३३ टक्के इतकी रक्कम निवृत्तिवेतन निधीत जमा होते. किमान १० वर्षांची सेवा झाली असेल तर ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू होते आणि सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. परंतु हा कायदा साधारणतः वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होत आला आहे. शिंपी, चांभार, फेरीवाला आणि किराणा दुकानदार यांना मालक नाही. म्हणून मालकाचा हिस्सा नाही आणि म्हणून निवृत्तिवेतनही नाही. ही उणीव कोणाच्या दुष्ट हेतूने निर्माण झालेली नाही. ज्या काळात कायद्यासमोर गिरणी आणि कारखाना एवढेच चित्र होते, त्या काळाची ती खूण आहे.

इतर देशांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता. जर्मनीने १८८९ साली वर्गणीवर आधारलेला वार्धक्य विमा सुरू केला, तो प्रामुख्याने कामगारांसाठी होता. इंग्लंडने १९०८ साली कायदा करून सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत साहाय्य देण्याचे ठरविले आणि १ जानेवारी १९०९ पासून ते दिले जाऊ लागले. ते निव्वळ अनुदान होते, त्यासाठी कोणी वर्गणी भरलेली नव्हती. पुढे १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला व ५ जुलै १९४८ पासून तो अमलात आला. या कायद्याने स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही विम्याच्या कक्षेत घेतले. त्याच्यासाठी स्वतंत्र वर्ग ठरवून आठवड्याची ठराविक वर्गणी लावण्यात आली आणि त्या बदल्यात शासकीय निवृत्तिवेतनावर त्याचा हक्क मान्य झाला. एप्रिल २०१६ पासून तेथे लागू झालेल्या नव्या पद्धतीत पूर्ण निवृत्तिवेतनासाठी ३५ वर्षांची आणि काही तरी निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान १० वर्षांची नोंद लागते. एप्रिल २०२४ पासून स्वयंव्यवसायींवरील ती ठराविक वर्गणी सक्तीची राहिली नाही. तरीही विहित मर्यादेहून अधिक नफा असलेल्यांची वर्षे निवृत्तिवेतनासाठी धरली जातात. या सर्वातील मर्म एवढेच, की नोकर असो वा धंदेवाईक असो, त्याच्या श्रमाच्या वर्षांची नोंद राज्याच्या वहीत होते.

भारतात या नोंदीची वही उघडावयास बराच काळ लागला. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता या प्रसंगी लोकसाहाय्याचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावी, असे राज्याला सांगितले आहे. मात्र ही तरतूद राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावयाची आहे. उत्तर प्रदेशाने १९५७ साली वृद्धांना निवृत्तिवेतन देण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम आखून वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपयांची तरतूद केली. हीच योजना २००७ पासून इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिची रक्कम २०१९ साली दरमहा ६०० रुपयांवरून १,००० रुपये आणि २०२३ साली १,५०० रुपये करण्यात आली.

ही साहाय्ये मोलाची आहेत. ज्याला कोणाचाच आधार नाही, त्याच्या घरची चूल त्यांच्यामुळे पेटते. परंतु त्यांचे स्वरूप अनुदानाचे आहे आणि अनुदानासाठी आधी दारिद्र्य सिद्ध करावे लागते. २०२३ साली रक्कम वाढविली गेली तेव्हाही श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, इतकीच होती. धर्माबादसारख्या गावात यंत्रावर बसणारा शिंपी कितीही गरीब असला, तरी तो बहुधा या मर्यादेच्या वरच राहतो. दारिद्र्याच्या दाखल्यासाठी तो पुरेसा गरीब नसतो आणि स्वतःच्या बळावर म्हातारपण निभावून नेण्याइतका सधनही नसतो. स्वयंव्यवसायींचा फार मोठा वर्ग या दोन्हींच्या मधल्या जागेत उभा आहे.

मालक नसलेल्या किंवा रोज मालक बदलणाऱ्या माणसासाठी निधी उभारता येतो, हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी दिलेल्या लढ्यातून १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. हमाल आज एका आडत दुकानाचे पोते उचलतो, तर उद्या दुसऱ्याचे. त्याचा मालक कोण, या प्रश्नाला कायद्याने साधे उत्तर दिले. ज्याचे पोते उचलले जाईल त्याने मजुरीबरोबर ठराविक आकार मंडळाकडे भरावा आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान आदी सोयी द्याव्यात, अशी ती व्यवस्था आहे. पुढे १९७५ साली राज्यात व्यवसाय कराचा कायदा झाला आणि रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी त्याचा आधार घेण्यात आला. स्वयंव्यवसायी माणूस सार्वजनिक कामासाठी वर्गणी देऊ शकतो व ती त्याच्याकडून रीतसर गोळा करता येते, हे या करामुळे सिद्ध झाले. प्रश्न उरला तो त्याच्या स्वतःच्या वार्धक्यासाठी वर्गणी घेण्याचा.

त्या दिशेने गेल्या काही वर्षांत पावले पडली आहेत. शासकीय सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी २००४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झाली. २०१० साली आलेल्या स्वावलंबन योजनेत अल्प बचत करणाऱ्यांच्या खात्यात केंद्र शासन वर्षाला १,००० रुपये घालीत असे. तिच्या जागी १ जून २०१५ पासून अटल निवृत्तिवेतन योजना आली. १८ ते ४० वयाच्या बचत खातेदाराला तीत भाग घेता येतो आणि साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंतच्या निवृत्तिवेतनाची हमी मिळते. वर्गणीदाराच्या पश्चात त्याच्या पत्नीला किंवा पतीला तेच निवृत्तिवेतन चालू राहते आणि दोघांच्या पश्चात साठलेली रक्कम वारसास मिळते. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना या योजनेत नव्याने प्रवेश नाही. २०२५ साली या योजनेतील एकूण नोंदणीने ८ कोटींचा टप्पा ओलांडला.

२०१९ साली आणखी दोन योजना सुरू झाल्या. प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना दरमहा १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या असंघटित श्रमिकांसाठी आहे. त्याच वर्षी १२ सप्टेंबर रोजी रांची येथून लहान व्यापारी व स्वयंव्यवसायी यांच्यासाठीची योजना जाहीर झाली. वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपेक्षा अधिक नसलेल्या दुकानदाराला तीत नाव नोंदविता येते. दोन्ही योजनांत प्रवेशाचे वय १८ ते ४० आहे व साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळावयाचे आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्गणीदार जितकी रक्कम भरील, तितकीच केंद्र शासन भरते. कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत मालकाची जी जागा होती, ती येथे शासनाने घेतली आहे. वर्गणीदाराच्या पश्चात त्याच्या जोडीदारास निम्मे निवृत्तिवेतन मिळते.

आकड्यांच्या भाषेत याचा अर्थ पाहण्यासारखा आहे. श्रमयोगी योजनेत १८ व्या वर्षी येणाऱ्याला दरमहा ५५ रुपये, २९ व्या वर्षी १०० रुपये आणि ४० व्या वर्षी २०० रुपये भरावे लागतात. २९ व्या वर्षी नाव नोंदविणारा माणूस ३१ वर्षांत स्वतःच्या खिशातून ३७,२०० रुपये भरतो. साठीनंतर त्याला वर्षाला ३६,००० रुपये मिळू लागतात. अटल योजनेत ५,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी १८ व्या वर्षी २१० रुपये, तर ४० व्या वर्षी १,४५४ रुपये दरमहा द्यावे लागतात. पहिला माणूस ४२ वर्षांत १,०५,८४० रुपये भरतो. दुसरा २० वर्षांत ३,४८,९६० रुपये भरतो आणि दोघांच्या हाती येणारी रक्कम सारखीच असते. उशिराची किंमत अशी तिपटीहून अधिक आहे. ज्या वयात निवृत्तीचा विचार मनाला शिवत नाही, त्याच वयात या योजनांचा खरा लाभ दडलेला आहे.

इतके असूनही लहान व्यापाऱ्यांच्या योजनेस मिळालेला प्रतिसाद अपेक्षेच्या मानाने फार थोडा आहे. त्यामागील कारणे समजून घेतली पाहिजेत. पहिले कारण उत्पन्नाच्या अनियमिततेचे आहे. मिरचीचा हंगाम असताना मोंढ्याभोवतीच्या गाड्यांवर गर्दी असते, तर पावसाळ्यात त्याच गाडीवाल्याला उधारीवर दिवस काढावे लागतात. दरमहा ठराविक दिवशी खात्यातून कापली जाणारी वर्गणी दोन महिने चुकली की मनुष्य नाउमेद होतो. अटल योजनेत तिमाही किंवा सहामाही वर्गणीची सोय आहे. हंगामावर जगणाऱ्या माणसाला ती सोयीची आहे, परंतु ती ठाऊक असणारे थोडे आहेत. दुसरे कारण अविश्वासाचे आहे. खाजगी ठेव योजनांनी पोळलेल्या माणसाला तीस वर्षांनंतरच्या वचनावर भरवसा ठेवणे कठीण जाते.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे आणि ते वयाच्या अटीचे आहे. समजा, धर्माबादचा एखादा शिंपी १९७२ साली जन्मला. अटल योजना आली तेव्हा तो ४३ वर्षांचा होता व २०१९ च्या योजना आल्या तेव्हा ४७ वर्षांचा. दोन्ही दरवाजे तो पोहोचण्यापूर्वीच बंद झाले होते. २०३२ साली तो साठीचा होईल आणि राज्याच्या साहाय्यासाठी वयाने पात्र होण्यास त्याला २०३७ सालापर्यंत थांबावे लागेल. उत्पन्नाची अट तो पूर्ण करील की नाही, हा प्रश्न पुढचाच. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत चाळिशीनंतरही खाते उघडता येते, पण तीत शासनाची बरोबरीची वर्गणी नाही आणि ठराविक रकमेची हमीही नाही. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या स्वयंव्यवसायींची एक संपूर्ण पिढी अशा रीतीने नव्या-जुन्या व्यवस्थांच्या सांध्यात सापडली आहे.

धर्माबादच्या माणसाला ही जाणीव अधिक तीव्रतेने होते, कारण सीमा त्याच्या दारात आहे. १९४८ पर्यंत हा सारा भाग हैदराबाद संस्थानात होता. आजही गावात मराठी, तेलुगू व उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात आणि पलीकडच्या बासरला जाणे-येणे नित्याचे आहे. तेलंगणा राज्याने नोव्हेंबर २०१४ मध्ये आसरा निवृत्तिवेतन योजना दरमहा १,००० रुपयांपासून सुरू केली व २०१९ साली ती रक्कम २,०१६ रुपये केली. विशेष म्हणजे विणकर आणि ताडी काढणारे यांना त्या योजनेत पन्नासाव्या वर्षीच स्थान मिळाले. हाताच्या कसबावर जगणाऱ्याचे शरीर लवकर थकते, हे त्या तरतुदीने मान्य केले. एकाच आजीच्या दोन लेकी, एक अलीकडे व एक पलीकडे दिलेली, आपापल्या घरच्या वृद्धांना काय मिळते याची तुलना करणारच. २०१८-१९ च्या सुमारास नांदेड जिल्ह्याच्या सीमावर्ती गावांतून तेलंगणात सामील होण्याची मागणी पुढे आली, तेव्हा तिच्यामागे शेतीच्या सवलतींबरोबर निवृत्तिवेतनातील ही तफावतही होती. पुढील काळात महाराष्ट्राने आपली रक्कम वाढविली हे खरे, पण सीमेवरच्या माणसाने विचारलेला प्रश्न केवळ रकमेचा नव्हता. थकलेल्या हाताची दखल कोणत्या वयात घ्यावयाची, हाही तो प्रश्न होता.

रकमेबद्दलही एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ३,००० किंवा ५,००० रुपये हे आकडे कायम आहेत, महागाईबरोबर ते वाढत नाहीत. २०१९ साली अठराव्या वर्षी नाव नोंदविलेल्या मुलीला निवृत्तिवेतन २०६१ साली मिळू लागेल. दरवर्षी पाच टक्क्यांनी महागाई वाढली, तर त्या वेळच्या ३,००० रुपयांची खरेदीशक्ती २०१९ सालच्या सुमारे ३९० रुपयांइतकी राहील. डॉ. बाबा आढाव व अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ साली स्थापन झालेल्या पेन्शन परिषदेने म्हणूनच निवृत्तिवेतन किमान वेतनाच्या निम्मे असावे, अशी मागणी केली होती. वेतनाशी जोडलेली रक्कम महागाईबरोबर चालते, हा त्या मागणीतील विचार दुर्लक्षिण्यासारखा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत स्वयंव्यवसायी कामगारांसाठी योजना आखण्याची तरतूद आहे. वयाची अट आणि रकमेची घट या दोन्ही उणिवा दूर करण्याची संधी या तरतुदीत आहे.

तोपर्यंत हाती आहे त्याचा पुरता उपयोग करून घेणे शहाणपणाचे ठरेल. ज्यांचे वय चाळिशीच्या आत आहे, त्यांनी बँकेत किंवा टपाल कार्यालयात अटल योजनेची आणि सामान्य सेवा केंद्रात श्रमयोगी वा लहान व्यापारी योजनेची चौकशी करून आपल्या उत्पन्नाला झेपेल ती वर्गणी निवडावी. त्यासाठी आधार कार्ड आणि बचत खाते एवढेच प्रामुख्याने लागते. वारसाचे नाव न विसरता नोंदवावे आणि वर्गणीच्या दिवशी खात्यात शिल्लक राहील याची काळजी घ्यावी. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीचे कार्ड हाती आले म्हणजे निवृत्तिवेतन सुरू झाले, असा समज अनेकांचा आहे. तो बरोबर नाही. ती केवळ श्रमिक म्हणून झालेली नोंद आहे आणि निवृत्तिवेतनासाठी स्वतंत्र वर्गणी भरावीच लागते.

ज्यांचे वय उलटून गेले आहे, त्यांनी आपल्या वयाचा पुरावा आजच नीट करून ठेवावा. शाळेचा दाखला नसलेल्या वृद्धाचे वय निरनिराळ्या कागदांवर निरनिराळे असते आणि त्या एका कारणाने अर्ज अडतो. श्रावणबाळ व संजय गांधी योजनांसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्या घरांचे निम्मे आयुष्य कामाच्या शोधात सीमेपलीकडे गेले, त्यांनी रहिवासाचे जुने कागद सांभाळणे म्हणून अधिक आवश्यक आहे. हे अर्ज तहसील कार्यालयाकडे जातात. गावच्या शिकलेल्या तरुणांनी, शिक्षकांनी व ग्रामपंचायतीने वर्षातून एक दिवस जरी शेजारच्या वृद्धांचे कागद तपासण्यासाठी दिला, तरी अनेकांचे हेलपाटे वाचतील.

शिंप्याने शिवलेले कपडे गावाने अंगावर घातले, सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या जोरावर मुले शाळेत गेली, आणि देठ खुडणाऱ्या स्त्रियांच्या हातांतून गेलेली मिरची दूरदूरच्या घरांत पोहोचली. या श्रमाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही. वर्गणीची पावती हीच त्या श्रमाची हजेरी ठरावी आणि तिच्या बळावर मिळणारे निवृत्तिवेतन दयेचे नव्हे, हक्काचे ठरावे, यासाठी शासनाने आपली योजना अधिक व्यापक आणि स्वयंव्यवसायी माणसाने आपली सवय अधिक दूरदर्शी करणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावयास हवीत. धर्माबादच्या मोंढ्यात पुढच्या हंगामाची पोती उतरतील, तेव्हा यंत्रावर बसलेल्या विशीतल्या शिंप्याच्या खात्यातून पहिले साठ-सत्तर रुपये जमा झालेले असोत, आणि शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या त्याच्या वडिलांसाठीही एखादा दरवाजा उघडलेला असो.